स्कूबानंतर एका कानाचे ऐकणे गेले आणि भोवळ थांबेना : अंतर्कर्णाच्या दुखापतीविषयी माहिती हवी आहे

क्षितिजरेषा

माझा धाकटा भाऊ सहलीला मालवणला गेला होता. वय चाळिशीच्या आत, रक्तदाब किंवा मधुमेह नाही, यापूर्वी कानाची कोणतीही तक्रार नाही. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक हाताला धरून काही मीटर खाली नेतात, तशी स्कूबाची एक छोटी बुडी त्याने घेतली. त्याला थोडी सर्दी होती. खाली उतरताना उजव्या कानात कळ आली, तेव्हा त्याने शिकवल्याप्रमाणे नाक दाबून फुंकर मारली. कान सुटेना म्हणून आणखी जोर लावला आणि आत काहीतरी 'फट्' झाल्यासारखे वाटून कळ एकदम थांबली. वर येताच होडीत उलट्या सुरू झाल्या. होडी लागली असेल असे सगळ्यांना वाटले, परंतु संध्याकाळी पलंगावर पडल्यावरही खोली फिरतच होती. उजव्या कानाला दडा बसला होता आणि आत 'शीं' असा अखंड आवाज येत होता.

तिथल्या एका दवाखान्यात कानात पाणी गेले असेल असे सांगून थेंब आणि उलटीची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी त्याने उजव्या कानाला फोन लावला, तेव्हा समोरच्याचा आवाज कळत होता, पण शब्द लागत नव्हता. पुण्याला परतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, केली. उजव्या कानाचा आलेख खालच्या पट्टीत थोडा आणि वरच्या पट्टीत फारच घसरलेला निघाला, कानाचा पडदा मात्र लालसर असला तरी शाबूत होता. दाबामुळे अंतर्कर्णाला इजा झाली आहे असे निदान करून त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि डोके उंच ठेवून सक्तीची विश्रांती सांगितली आहे.

उपचार चालू आहेत आणि डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. तरीही काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पडदा फाटला नसताना त्याच्या पलीकडे इजा कशी होते? आत गळती असू शकेल असे डॉक्टर म्हणाले, मग शस्त्रक्रिया लगेच का करत नाहीत? आणि गरगर व बहिरेपण यांपैकी काय बरे होते, काय होत नाही?

कर्णिका

मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे. रुग्णाला न तपासता औषधाविषयी बोलणार नाही, पण आत काय घडते ते सांगता येईल.

पडद्याच्या आत मध्यकर्णाची हवेने भरलेली छोटी पोकळी असते आणि तिच्या पलीकडे द्रवाने भरलेला अंतर्कर्ण. या दोहोंच्या मधल्या भिंतीला दोन खिडक्या आहेत. अंडाकृती खिडकीत रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड बसलेले असते, तर गोल खिडकीवर केवळ एक पातळ पापुद्रा असतो. अंतर्कर्णातला द्रव एका बारीक नलिकेने मेंदूभोवतीच्या द्रवाशी जोडलेला आहे. कुंथताना, जोरात शिंकताना किंवा नाक दाबून फुंकर मारताना मेंदूभोवतीचा दाब वाढतो, तो त्या नलिकेतून अंतर्कर्णात पोहोचतो आणि गोल खिडकीचा पापुद्रा आतून बाहेर ढकलला जातो. फुग्याचे एक टोक दाबले की दुसरे फुगते, तसे. मध्यकर्णाला घशाशी जोडणारी नळी बंद राहिली तर मध्यकर्णात त्याच वेळी दाब कमी असतो, त्यामुळे पापुद्र्याला बाहेरून आधार उरत नाही आणि तो फाटू शकतो. उलट नळी अचानक उघडली, तर हवेचा झोत मध्यकर्णात घुसून खिडक्या आत ढकलतो. इजेचे हे दोन्ही मार्ग लॉस एंजेलिसचे व्हिक्टर गुडहिल यांनी १९७१ मध्ये मांडले आणि आजही आम्ही त्याच चौकटीत विचार करतो. या सगळ्यात पडद्याला काहीही न होणे सहज शक्य आहे. पडदा फाटला असता तर कदाचित दाबाचा निचरा होऊन आतला भाग वाचलाही असता.

इजा तीन प्रकारची असू शकते. आत रक्तस्राव होतो. अंतर्कर्णातलाच एखादा पातळ पडदा फाटून सोडियमयुक्त आणि पोटॅशियमयुक्त असे दोन वेगळे द्रव एकमेकांत मिसळतात आणि त्या भागातल्या पेशी निकामी होतात. किंवा खिडकीला चीर पडून द्रव मध्यकर्णात झिरपतो, ज्याला पेरिलिम्फ फिस्ट्युला म्हणतात. पहिल्या दोहोंत शस्त्रक्रियेचा काही उपयोग नाही. तिसऱ्यातही अनेक चिरा विश्रांतीने आपोआप मिटतात आणि म्हणूनच आधी डोके ३० अंश किंवा त्याहून थोडे अधिक उंच ठेवणे, नाक न शिंकरणे, जड न उचलणे, शौचाला जोर करावा लागू नये म्हणून सौम्य रेचक देणे, असे उपाय असतात. या काळात ऐकणे दिवसागणिक खालावत गेले किंवा भोवळ कमी होण्याऐवजी वाढली, तर मात्र कानाचा पडदा उचलून दोन्ही खिडक्या तपासतात आणि स्नायूवरचे आवरण किंवा चरबी लावून बुजवतात. तुमच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा ऑडिओमेट्री करायला सांगितले असेल, तर त्याचे कारण हेच आहे.

तळकोकण

मी गेली अनेक वर्षे स्कूबा बुडीचे प्रशिक्षण देतो. सागरी पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. याचा अर्थ पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, पण २० वरून ३० मीटरवर जाताना तो केवळ तिसऱ्या हिश्शाने वाढतो. 'आम्ही तर थोडेसेच खाली गेलो होतो' हे वाक्य कानाच्या बाबतीत निरर्थक आहे. कानाला सर्वांत अवघड असतात ते पहिले काही मीटर.

घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी गिळताना किंवा जांभई देताना उघडते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरने वाढला की ती घट्ट मिटते आणि मग कितीही फुंकर मारली तरी उघडत नाही. हा फरक समुद्रात सव्वा मीटरच्या आसपासच गाठला जातो. त्यामुळे कान दुखायला लागल्यावर फुंकर मारणे म्हणजे उशीर झालेला असतो. दुखण्यापूर्वीच, उतरायला लागल्यापासून सतत आणि हलके मोकळे करत जायचे. नाही झाले तर मीटरभर वर यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा आणि तरीही जमले नाही तर सरळ होडीत बसायचे. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नये. सर्दीच्या गोळीवर किंवा नाकातल्या फवाऱ्यावर तर मुळीच नाही, कारण तिचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरू शकतो.

नाक दाबून फुंकर मारण्याची पद्धत वाल्साल्वा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १७०४ मध्ये वर्णन केली, ती मध्यकर्णातला पू बाहेर काढण्यासाठी. समुद्राशी तिचा काही संबंध नव्हता. छातीचा जोर न लावता जिभेच्या मुळाने घशातली हवा वर ढकलण्याची फ्रेंझेल पद्धत कानाला पुष्कळ सौम्य आहे. ती दुसऱ्या महायुद्धात विमान सूर मारत खाली नेणाऱ्या जर्मन वैमानिकांसाठी विकसित झाली. पण ती शिकायला वेळ लागतो आणि पर्यटकांच्या रांगेत तो वेळ कोणाकडे नसतो, हे आमच्या व्यवसायातले सत्य आहे.

आजोळ

आमच्याकडे कानाला दडा बसला की लसूण घालून कोमट केलेले तेल सोडतात आणि दोन दिवसांत कान मोकळा होतो. औषधांबरोबर तेही करून पाहायला काय हरकत आहे?

कर्णिका

हरकत आहे. मळाने दडा बसला असेल तर तेलाने मळ मऊ होतो आणि बरे वाटते, म्हणून तो अनुभव खोटा नाही. पण तेल पडद्याच्या अलीकडेच राहते, आणि इथे बिघाड पडद्याच्या खूप पलीकडे आहे. पडद्याला सूक्ष्म छिद्र असेल, तर ते तेल आत जाऊन जंतुसंसर्ग होईल. माझा खरा आक्षेप मात्र वेळेविषयी आहे. लोक तेल घालून चार दिवस वाट पाहतात, मग औषधाच्या दुकानातून थेंब आणून आणखी चार दिवस, आणि आमच्याकडे येईपर्यंत उपचाराचा चांगला काळ निघून गेलेला असतो.

श्रवणवेध

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते आणि याच मुद्द्याला थोडी जोड देते. मळाचा दडा, सर्दीचा दडा आणि अंतर्कर्णाच्या इजेचा दडा रुग्णाला आतून सारखाच जाणवतो. तिघेही 'कान गच्च झाला आहे' असेच सांगतात. फरक ओळखण्यासाठी ५१२ हर्ट्झचा नादकाटा पुरतो. तो वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला असता मध्यकर्णाचा बिघाड असेल तर नाद दुखऱ्या कानात मोठा वाटतो, आणि अंतर्कर्णाचा असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. ही तपासणी एका मिनिटाची आहे. नादकाटा नसेल तर ओठ मिटून 'म्ऽऽ' असा स्वर धरावा आणि तो कोणत्या कानात मोठा घुमतो ते पाहावे, त्यावरूनही साधारण दिशा कळते. नाद चांगल्या कानात जात असेल तर सकाळची वाट न पाहता तज्ज्ञ गाठावा. लहान दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक नादकाटा असता, तर असे कितीतरी रुग्ण त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचले असते.

अचानक आलेल्या बहिरेपणाची वैद्यकीय व्याख्या अशी आहे की ७२ तासांच्या आत लागोपाठच्या तीन कंपनसंख्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट व्हावी. यातल्या बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. दाब, डोक्याला मार किंवा स्फोट असे स्पष्ट कारण असलेला गट लहान आहे.

भावाला शब्द लागत नाहीत याचे कारणही आलेखातच आहे. स, श, त, क अशा व्यंजनांची ऊर्जा वरच्या पट्टीत असते आणि स्वरांची खालच्या. वरची पट्टी गेली की बोलणे चालू असल्याचे समजते, पण काय बोलले ते निसटते. अंतर्कर्णातल्या ऐकण्याच्या भागाच्या, म्हणजे शंखाकृती कॉक्लियाच्या, तळाशी, म्हणजे नेमक्या खिडक्यांजवळ, वरचे स्वर टिपणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या एका कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी सगळ्या मिळून सुमारे १५,००० असतात आणि मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात, काही केवळ बधिर झालेल्या असतात, आणि सुधारणा होते ती या दुसऱ्या गटाच्या जोरावर.

घाटवाट

दोन शंका आहेत. पाणबुड्यांना वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन आजार होतो असे वाचले होते, तसे तर हे नसेल? आणि दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत, प्राणवायू देण्याचा उपचार अचानक बहिरेपणावर करतात असेही वाचनात आले. तो यांनी घ्यावा का?

कर्णिका

दोन्ही शंका महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांची उत्तरे परस्परविरोधी उपचारांकडे नेतात. बुडबुड्यांमुळेही अंतर्कर्णाला इजा होते आणि लक्षणेही हीच असतात, म्हणजे भोवळ, उलट्या आणि बहिरेपण. पण ती बहुधा खोल किंवा दीर्घ बुडीनंतर, वर येताना किंवा वर आल्यावर सुरू होते. उतरताना कान सुटण्यात अडचण आलेली नसते. तिथे रुग्णाला तातडीने दाबकक्षात नेणे हाच उपचार आहे. इथे बुडी उथळ आणि थोड्या वेळाची होती, कळ उतरताना आली आणि जोर लावताच 'फट्' झाले. बुडबुड्यांची शक्यता नगण्य आहे. खिडकीला चीर असताना दाबकक्षात नेले, तर पुन्हा तोच दाब त्याच जखमेवर येईल.

कारण न सापडलेल्या बहिरेपणात पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या जोडीला प्राणवायूचा उपचार हा एक मान्य पर्याय आहे, सक्तीचा नाही. ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

तळकोकण

यांच्यासाठी लागू नाही, पण बुडबुड्यांचा विषय निघालाच म्हणून सांगतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि रोज अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच रस्त्यालाही तीच सावधगिरी लागते. मालवणहून संध्याकाळी निघून आंबोली चढणारे पर्यटक याचा विचार करताना मी पाहिलेले नाहीत.

मात्रावृत्त

माझ्या डाव्या कानाचे ऐकणे काही वर्षांपूर्वी एका सकाळी भोवळीसह गेले आणि परत आले नाही. इजा नव्हती, कारणही सापडले नाही. मी केवळ भोवळीविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत धीर देण्यासारखे काही आहे.

दोन्ही कानांतून तोलाविषयीचे संदेश मेंदूला सतत जात असतात. एक बाजू अचानक बंद पडली की मेंदूला वाटते आपण गरगर फिरत आहोत. पहिले काही दिवस डोळे उघडणेही नको होते. नंतर मेंदू हळूहळू नवा हिशोब मांडतो आणि काही आठवड्यांत माणूस चालू-फिरू लागतो. पण त्यासाठी त्याला चुकीचे संदेश मिळत राहावे लागतात. उलट्या थांबवणाऱ्या आणि भोवळ दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्याच घ्याव्यात असे मला बजावले होते, कारण त्या मेंदूलाही सुस्त करतात आणि सुधारणा लांबते. आपल्याकडे अशा गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणारे लोक प्रत्येक गल्लीत आढळतील.

व्यायाम साधे असतात. भिंतीवर एक अक्षर चिकटवून नजर त्यावर खिळवायची आणि डोके 'नाही' म्हटल्यासारखे हलवायचे. आधी बसून, मग उभ्याने, मग चालताना. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अंतर्कर्णाला इजा झालेल्या रुग्णांसाठी बसवलेल्या व्यायामांची ही सुधारित आवृत्ती आहे. करताना गरगरते, मळमळते. ते सोसूनच करायचे. खिडकीची गळती असण्याची शंका असताना मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये.

अंधार, ओबडधोबड वाट आणि डोळे मिटून तोंडाला साबण लावणे, या तीन ठिकाणी अजूनही माझा झोक जातो. न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडा बसवून घेतला आहे.

पैलथडी

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. त्यांना काल रात्रीपासून अशीच भोवळ आहे आणि एका कानाने कमी ऐकू येते. पडणे-झडणे काही झालेले नाही. स्टिरॉइडने साखर वाढते म्हणून भीती वाटते. हेच उपचार त्यांना चालतील का?

कर्णिका

हा धागा वाचत बसू नका, त्यांना आत्ताच मोठ्या रुग्णालयात घेऊन जा. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी अतिशय बारीक असते, तिला दुसरा पर्याय नसतो, आणि ती मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचीच शाखा आहे. या वयात आणि मधुमेहात अचानक बहिरेपण व भोवळ ही पक्षाघाताची पहिली खूण असू शकते. वस्तू दोन दिसणे, बोबडे बोलणे, चेहरा वाकडा होणे, आधाराशिवाय बसताही न येणे, यांपैकी काही असेल तर एक क्षणही घालवू नका. पण यांपैकी काही नसले तरीही तपासणी आजच व्हायला हवी. साखरेचा प्रश्न रुग्णालयात इन्शुलिन देऊन सांभाळता येतो, आणि गोळ्या नकोच असतील तर स्टिरॉइड पडद्यातून सुईने थेट मध्यकर्णात देण्याचीही सोय आहे.

पैलथडी

निघालो आहोत. धन्यवाद.

सह्यरंग

पाण्याखाली जाणारे थोडे, दुचाकीवरून पडणारे आणि कानशिलात खाणारे पुष्कळ. माझ्या पाहण्यात एका शाळकरी मुलाचे एका कानाचे ऐकणे मारामुळे कायमचे गेले आहे. उघड्या तळहाताने कान झाकला जाईल अशी चपराक बसली की कानाच्या बाहेरच्या नळीतली हवा पडद्यावर आदळते. बहुतेकदा पडदाच फाटतो आणि तो भरून येतो, पण कधीकधी धक्का रिकिबीमार्गे आतपर्यंत जातो.

कर्णिका

अगदी बरोबर. दुचाकीच्या अपघातात कानशिलाच्या हाडाला आडवा तडा गेला तर तो थेट अंतर्कर्णातून जातो आणि बहिरेपण बहुधा पूर्ण व कायमचे असते. तडा नसतानाही नुसत्या हादऱ्याने इजा होते. अशा रुग्णांत काही आठवड्यांनी कुशीवर वळताना क्षणभर गरगरण्याची तक्रार सुरू होते, ती बहुधा कानातले कॅल्शियमचे कण जागेवरून निसटल्यामुळे असते आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून ती एका बैठकीत बरी करता येते. ती इजेचाच भाग समजून सोसत बसू नये.

क्षितिजरेषा

सर्वांचे आभार. मधल्या काळात काय झाले ते लिहिते. भोवळ पहिल्या आठवड्यानंतर झपाट्याने कमी झाली. ऐकणे खालावले नाही, उलट खालच्या पट्टीत जवळजवळ पूर्ववत झाले, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार मागे पडला. गोळ्या संपल्यावर वरच्या पट्टीत अपेक्षेएवढी सुधारणा न दिसल्याने पडद्यातून इंजेक्शने दिली, आणि त्यानंतर शब्द पुष्कळ स्पष्ट झाले आहेत. ४,००० हर्ट्झच्या वर मात्र घट कायम आहे आणि 'शीं' आवाजही आहे. रस्त्यावर हॉर्न कोणत्या बाजूने आला ते त्याला कळत नाही, आणि हॉटेलात चौघे एकदम बोलू लागले की तो गप्प होतो. यासाठी काही करता येते का? अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का, असेही घरातून विचारले जात आहे. विमानप्रवास आणि पुन्हा बुडी, याविषयीही कोणी सांगावे.

श्रवणवेध

आवाजाची दिशा मेंदू दोन्ही कानांतल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून काढतो, त्यामुळे एक कान अधू झाला की ती ओळख बिघडते. त्याच्या कानात अजून पुरेसे ऐकणे शिल्लक असल्यामुळे साधे श्रवणयंत्र उपयोगी पडेल, आणि त्याने बहुधा 'शीं' आवाजाचा त्रासही कमी होईल. कान पूर्ण गेलेला असता, तर त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणारे यंत्र सुचवले असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या सर्व चाचण्या आणि यंत्रे लावून पाहण्याची सोय आहे. यंत्र घेण्यापूर्वी थोडे थांबा; ऑडिओमेट्री सहा महिन्यांच्या आत पुन्हा करावी आणि आलेख स्थिरावला की मगच खर्च करावा.

प्रमाणपत्र मिळणार नाही. २०१६ च्या कायद्यात श्रवणदोषाची मोजणी दोन्ही कानांतल्या घटीवरून होते, तीही किमान ६० डेसिबल. एका कानाचे ऐकणे पूर्ण गेलेला माणूसही कायद्याच्या लेखी अपंग नाही. मला हे न्याय्य वाटत नाही, पण आज स्थिती अशी आहे.

कर्णिका

विमानासाठी त्यांचे डॉक्टर सांगतील तोवर थांबा, आणि नंतरही सर्दी असताना जाऊ नका. उतरताना गिळत राहावे, नाक दाबून जोराने फुंकर कधीही मारू नये. बुडीविषयी पूर्वी सरसकट आजन्म बंदी सांगत. आता काही तज्ज्ञ निवडक पाणबुड्यांना परवानगी देतात, पण ते बुडी मारण्यावरच पोट असलेल्यांसाठी, आणि तेही ऐकणे व तोल पूर्ण सावरल्यावर. तुमच्या भावाला मी नकोच म्हणेन.

तळकोकण

मीही. पोहायला आणि पृष्ठभागावर तरंगत मासे पाहायला, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, खुशाल यावे.